व्हीटस्टन यांचे दोन आरसे

बारावीच्या प्रयोगवहीत व्हीटस्टन ब्रिजची आकृती अनेकांनी काढली असेल. तो ब्रिज मुळात सॅम्युअल ख्रिस्टी यांनी शोधला; चार्ल्स व्हीटस्टन यांच्यामुळे तो माहीत झाला. व्हीटस्टन यांचे स्वतःचे मोठे देणे वेगळेच आहे आणि ते आता रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले आहे.

१८०२ मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टरजवळ त्यांचा जन्म झाला. घरचा व्यवसाय वाद्यांचा. त्याच कामातून त्यांना ध्वनीच्या अभ्यासाची गोडी लागली. १८३४ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले. पण स्वभावाने कमालीचे बुजरे. श्रोत्यांसमोर बोलणे त्यांना इतके जड जाई, की व्याख्याने बंदच पडली. त्यांचे शोध लोकांना समजावून सांगण्याचे काम त्यांचे मित्र मायकेल फॅरेडे करत.

१८३८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक साधे उपकरण मांडले. दोन आरसे काटकोनात, बाजूंना एकाच वस्तूची दोन चित्रे: एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे, दुसरे उजव्या. मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि कागदावरच्या सपाट रेघांना खोली येते. हाच स्टिरिओस्कोप. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याला भिंगे बसवली आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर तो घरोघरी करमणुकीचे साधन झाला. १८६८ मध्ये व्हीटस्टन यांना सर हा किताब मिळाला. १८७५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या व्हीआर चष्म्यातही प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दिसते. शिवाय मान वळवली की दृश्यही वळते. भाजलेल्या रुग्णाची भीती ड्रेसिंगचा ट्रे दिसताच सुरू होते आणि भीतीने वेदना वाढते. अमेरिकेतील सिएटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांसाठी बर्फाळ दरीचा खेळ वापरला. मेंदूचे लक्ष मर्यादित असते. ते हिमगोळे फेकण्यात गुंतले, की वेदनेच्या वाट्याला कमी येते.

मात्र हा चष्मा वेदनाशामक औषधांना पर्याय नाही. काहींना त्याने मळमळते. फिट्सचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. आणि चष्मा चढवण्यापूर्वी, आता काय करणार आहोत, हे रुग्णाला शांतपणे सांगण्याचे काम डॉक्टर-नर्सचेच आहे.