भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल कॅप्टनने आर्सेनलची ऑफर सोडली, पण डॉक्टरकी सोडली नाही

तारीख होती २९ जुलै १९४८. लंडनचं वेम्बली स्टेडियम माणसांनी खच्चून भरलं होतं. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नव्हती. त्यामुळे तब्बल बारा वर्षांनी जगभरचे खेळाडू पुन्हा एका मैदानावर उतरत होते. एकेक देश आपापला झेंडा घेऊन चालला होता.

या सगळ्यात एक पथक असं होतं, ज्याच्या देशाला स्वतंत्र होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. ते पथक भारताचं होतं.

ज्या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांच्याच राजधानीत आणि त्यांच्याच राजासमोर तिरंगा घेऊन चालायचं होतं. या पथकात आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव होते. १९२८ पासून ऑलिंपिकचं एकही गोल्ड न सोडलेली हॉकीची टीम होती. मग तिरंगा कोणाच्या हातात असायला हवा होता?

कोणालाही वाटेल, हॉकीच्या कॅप्टनच्या. पण झेंडा घेऊन सगळ्यात पुढे चालला होता नागा टेकड्यांमधून आलेला एक तीस वर्षांचा फुटबॉलर. तो फुटबॉलच्या टीमचा कॅप्टन होता आणि मेडिकलचा विद्यार्थीही होता.

त्याचं नाव तालिमेरेन आओ. कलकत्त्याचं पब्लिक त्याला टी. आओ म्हणायचं.

गोष्ट सुरू होते चांगकी नावाच्या गावातून. आज हे गाव नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यात येतं. तेव्हा नागालँड नावाचं राज्य नव्हतं, तो सगळा भाग आसाममध्ये होता. तिथे २८ जानेवारी १९१८ ला तालिमेरेनचा जन्म झाला. आओ हे नागांमधल्या एका जमातीचं नाव आहे आणि तेच आडनाव म्हणून लावलं जातं.

वडील ख्रिस्ती धर्मगुरू होते. इंपूरला अमेरिकन मिशनऱ्यांचं केंद्र होतं, तिथे त्यांचं काम चालायचं. घरात भावंडं भरपूर, पैसा बेताचा. मिशनच्या आवारात पोरं फुटबॉल खेळायची, पण बॉल कुठून आणायचा? मग चिंध्या गुंडाळून बॉल करायचा आणि अनवाणी पायाने तोच दिवसभर लाथाडायचा. तालिमेरेनचा फुटबॉल सुरू झाला तो असा.

पुढे शिक्षणासाठी तो जोरहाटच्या मिशन शाळेत गेला. अभ्यासात बरा होता आणि मैदानावर तर सगळ्यांच्या पुढे होता.

पण १९३५ साली वडिलांना टायफॉइड झाला. आज टायफॉइड झाला तर आपण डॉक्टरकडे जातो, गोळ्या घेतो आणि बरे होतो. तेव्हा टायफॉइडवर चालणारं औषध निघालंच नव्हतं, त्यात नागा टेकड्यांमध्ये डॉक्टर मिळणंच मुश्किल. वडील गेले. जाताना त्यांची एक इच्छा होती, की या मुलाने डॉक्टर व्हावं आणि आपल्या माणसांची सेवा करावी.

तालिमेरेन तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढची त्रेचाळीस वर्षं त्याने जे काही केलं, त्याचं मूळ या इच्छेत सापडतं.

डॉक्टर व्हायचं तर आधी कॉलेज गाठायला हवं. त्याने गुवाहाटीचं कॉटन कॉलेज गाठलं. तिथे तो फुटबॉल खेळायचा, व्हॉलीबॉल खेळायचा आणि लांब उडीतही भाग घ्यायचा. गुवाहाटीच्या महाराणा क्लबने त्याला आपल्याकडे घेतलं. सुरुवातीला तो स्ट्रायकर म्हणून खेळायचा, पण या क्लबमध्ये त्याला पुढून मागे, मिडफिल्डमध्ये आणलं गेलं.

ही जागा नेमकी काय होती ते समजून घेऊ. आज टीव्हीवर आपण ४-३-३ वगैरे आकडे ऐकतो. त्या काळी भारतात २-३-५ अशी मांडणी चालायची. म्हणजे मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ आणि पुढे पाच फॉरवर्ड. मधल्या तिघांमध्ये बरोबर मध्यभागी जो उभा राहायचा, त्याला सेंटर हाफ म्हणायचे.

त्याच्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप असायचा. समोरच्याचा हल्ला अडवायचा, हेडर जिंकायचे, बॉल काढून घ्यायचा आणि लगेच आपल्या फॉरवर्डपर्यंत पोहोचवायचा. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात यायचं, पण टीमचा तोल सांभाळायचं काम सेंटर हाफचं. उंचापुरा आणि दमदार तालिमेरेन या जागेसाठीच जन्माला आल्यासारखा खेळायचा.

फुटबॉलमध्ये नाव होत होतं, पण डॉक्टरकीचं काय? मेडिकलची सीट मिळायला वेळ लागला. अखेर १९४२ साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजमध्ये त्याला प्रवेश मिळाला. हेच कॉलेज पुढे १९४८ पासून आर. जी. कर मेडिकल कॉलेज म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

आता कलकत्त्यात यायचं आणि फुटबॉल खेळायचा नाही, हे कसं शक्य होतं?

गुवाहाटीच्या महाराणा क्लबमधला त्याचा मित्र शरत दास आधीच मोहन बागानकडून खेळत होता. त्याच्या ओळखीने १९४३ मध्ये तालिमेरेनही मोहन बागानमध्ये दाखल झाला.

मोहन बागान हा साधासुधा क्लब नव्हता. १९११ साली याच क्लबच्या पोरांनी आयएफए शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या सैनिकांच्या टीमला २-१ ने हरवलं होतं. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते. बंगालसाठी तो विजय फुटबॉलपेक्षा मोठा होता. अशा क्लबची जर्सी मिळणं म्हणजे अख्ख्या शहराच्या नजरेत येणं.

आओ नुसते आले नाहीत, तर टिकले. १९४३ आणि १९४४ अशी सलग दोन वर्षं मोहन बागानने कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. पुढे क्लबचं कॅप्टनपदही त्यांच्याकडे आलं.

हे सगळं कोणत्या काळात चाललं होतं, तेही बघायला हवं. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला होता आणि लाखो माणसं उपासमारीने मरत होती. १९४४ मध्ये जपानी सैन्य थेट आओंच्या मुलखात, कोहिमापर्यंत येऊन धडकलं होतं. १९४६ मध्ये कलकत्त्यात भीषण दंगली झाल्या. अशा शहरात हा माणूस दिवसा मेडिकलचे लेक्चर करायचा आणि मग मैदानावर उतरायचा. १९४७ मध्ये मोहन बागानने ईस्ट बंगालला हरवून आयएफए शील्ड जिंकली. १९११ नंतर तब्बल छत्तीस वर्षांनी ही शील्ड क्लबकडे आली होती.

मग आलं १९४८ चं ऑलिंपिक. भारताची फुटबॉल टीम पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये खेळणार होती. कोच होते बलाईदास चटर्जी. टीममध्ये शैलेन मन्ना, साहू मेवालाल, अहमद खान यांच्यासारखे एकाहून एक खेळाडू होते. कॅप्टन म्हणून निवड झाली ती आओंची, आणि उद्घाटनाच्या दिवशी तिरंगाही त्यांच्याच हातात आला.

याचं महत्त्व तेव्हाच्या राजकारणामुळे आणखी वाढतं. नागा टेकड्यांनी भारतात राहायचं की वेगळं व्हायचं, यावरून तेव्हा वाद पेटायला लागला होता. नागा नॅशनल कौन्सिलने १४ ऑगस्ट १९४७ ला नागांचं स्वातंत्र्य जाहीरही केलं होतं. त्यानंतर वर्षभराच्या आत एक नागा तरुण जगासमोर भारताचा झेंडा घेऊन चालत होता.

दोन दिवसांनी, ३१ जुलैला, लंडनच्या इलफर्ड भागातल्या मैदानावर भारताची मॅच होती. समोर फ्रान्स होतं. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने हरला की थेट घरी.

टीम मैदानात उतरली आणि प्रेक्षक बघतच राहिले. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. काहींनी पायाला फक्त पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

अर्ध्या तासाच्या सुमारास फ्रान्सने पहिला गोल केला. भारत मागे पडला, पण खचला नाही. ७० व्या मिनिटाला सारंगपाणी रमणने गोल केला आणि स्कोअर १-१ झाला. स्वतंत्र भारताचा हा ऑलिंपिक फुटबॉलमधला पहिला गोल. याच मॅचमध्ये भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. एक शैलेन मन्नाने घेतली, दुसरी महाबीर प्रसादने. दोन्ही हुकल्या.

मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये जाणार असं वाटत असतानाच, शेवटच्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला. भारत २-१ ने हरला आणि ऑलिंपिकमधून बाहेर पडला.

तरी इंग्लंडमध्ये चर्चा झाली ती हरलेल्या टीमचीच. अनवाणी पोरांनी बूट घातलेल्या फ्रान्सच्या नाकी नऊ आणले होते. बूट का घालत नाही, असं एका पत्रकाराने आओंना विचारल्याचा किस्सा आजही सांगितला जातो. त्यावर त्यांनी सुनावलं म्हणे, की आमच्याकडे हा खेळ फुटबॉल आहे, बूटबॉल तुम्ही खेळता.

ऑलिंपिकनंतर हीच टीम युरोपच्या दौऱ्यावर गेली आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅजॅक्स क्लबला ५-१ ने हरवून आली.

याच काळातला तो आर्सेनलचा किस्सा. आओंचा खेळ बघून आर्सेनलने त्यांना एका वर्षाच्या कराराची ऑफर दिली होती, असं सांगितलं जातं. आर्सेनल तेव्हा नुकतंच इंग्लंडच्या लीगचं चॅम्पियन झालं होतं. आज असा फोन आला तर कोणीही कॉलेजच्या पायऱ्या पुन्हा चढणार नाही. आओंनी मात्र नकार दिला. त्यांचं एमबीबीएस अजून पूर्ण झालं नव्हतं.

आज आपल्याला वाटतं, त्यांनी कोट्यवधींवर पाणी सोडलं. पण तेव्हा कोट्यवधी नव्हतेच. इंग्लंडमध्ये फुटबॉलरच्या पगारावर नियमाने मर्यादा होती. कितीही मोठा खेळाडू असला तरी हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त १२ पौंड. ही मर्यादा उठली ती थेट १९६१ मध्ये. म्हणजे आओंनी नाकारलं ते मुख्यतः नाव होतं, इंग्लंडमध्ये खेळायची संधी होती. वय तीस होतं, अशी संधी परत येणार नव्हती, हे त्यांनाही कळत असणार. पण त्यांच्या दृष्टीने ते डॉक्टर होण्यासाठी कलकत्त्याला आले होते, फुटबॉल मधल्या काळात भेटला होता.

आओ परत आले, पुस्तकं उघडली आणि १९५० मध्ये एमबीबीएस झाले. नऊ वर्षं मोहन बागानकडून खेळल्यावर १९५२ च्या सुमारास त्यांनी कलकत्ता सोडलं.

आधी दिब्रुगडच्या मेडिकल कॉलेजमध्ये कान, नाक, घसा विभागात काम केलं. १९५३ मध्ये ते कोहिमाच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये असिस्टंट सिव्हिल सर्जन म्हणून रुजू झाले. ज्याच्यासाठी कलकत्त्याची गर्दी ओरडायची, तो माणूस आता कोहिमात पेशंट तपासत होता.

आणि हा काळ सोपा नव्हता. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून नागा टेकड्यांमध्ये सशस्त्र संघर्ष सुरू झाला. लष्कर आलं, गावं होरपळली. ज्याने भारताचा झेंडा धरला होता, तो याच मुलखात, याच माणसांमध्ये डॉक्टर म्हणून राहिला. १ डिसेंबर १९६३ ला नागालँड वेगळं राज्य झालं. नव्या राज्याला आरोग्य खातं उभं करायचं होतं आणि त्याचे संचालक झाले डॉ. आओ. पुढची पंधरा वर्षं, १९७८ ला रिटायर होईपर्यंत, त्यांनी हे काम केलं.

१३ सप्टेंबर १९९८ ला वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते गेले.

पूर्वोत्तरात आज त्यांच्या नावाने डॉ. टी. आओ ट्रॉफी खेळली जाते. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१८ मध्ये, पोस्टाने त्यांच्यावर तिकीटही काढलं. पण ईशान्येबाहेर आणि कलकत्त्याबाहेर हे नाव आजही फारसं कोणाला माहीत नाही. आज भारतीय फुटबॉलमध्ये मणिपूर, मिझोरामची पोरं दिसली की आपल्याला नवल वाटत नाही. त्या वाटेने सगळ्यात आधी चालत आलेला माणूस मात्र आपण विसरलो.

टायफॉइडने वडील गेले तेव्हा त्या मुलखात डॉक्टर मिळत नव्हता. अठ्ठावीस वर्षांनी त्याच मुलखाच्या अख्ख्या आरोग्य खात्याची जबाबदारी त्यांच्या मुलाकडे होती. वडिलांची इच्छा पूर्ण झाली, आणि मधल्या काळात भेटलेल्या फुटबॉलने देशाला ऑलिंपिक फुटबॉलचा पहिला कॅप्टनही दिला.