खांद्याचे वैद्य डॉ. कॉडमन

खांद्याची तुटलेली कंडरा शिवल्यानंतर रुग्णाला पुढे वाकून हात लोंबता ठेवायला आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायला सांगतात. या व्यायामाला ज्यांचे नाव आहे ते डॉ. अर्नेस्ट कॉडमन आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना अपरिचितच. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचा जन्म १८६९ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी झाला. १८९५ मध्ये ते हार्वर्डमधून डॉक्टर झाले. १९०९ साली त्यांनी खांद्यातील तुटलेली कंडरा शिवली. अशा अगदी सुरुवातीच्या शस्त्रक्रियांपैकी ती एक. पण मला त्यांचे मोठेपण सुईदोऱ्यात दिसत नाही. टाके निघाले म्हणजे रुग्ण बरा झाला, हे त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवावे, वर्षभराने त्याला पुन्हा तपासावे आणि जो निकाल असेल तो उघड करावा, असा त्यांचा हट्ट. स्वतःच्या लहानशा इस्पितळातील १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला. त्यात १२३ चुकांची कबुली होती!

इतरांनीही असेच करावे, म्हणून जानेवारी १९१५ मध्ये भर सभेत त्यांनी एक भले मोठे व्यंगचित्र उघडले. वाळूत डोके खुपसून सोन्याची अंडी घालणारा शहामृग, म्हणजे बोस्टनचे श्रीमंत रुग्ण, आणि त्या अंड्यांवर जगणारी डॉक्टरमंडळी. गहजब झाला, हार्वर्डमधील नेमणूक गेली. थोडे सबुरीने घेतले असते तर, असे वाटते खरे. पण सबुरीची माणसे असली कार्डे लिहीत बसत नाहीत.

१९३४ साली त्यांनी खांद्यावरचा ग्रंथ स्वतःच छापून काढला. कॉर्टिझोन रुग्णाला प्रथम दिले गेले ते १९४८ मध्ये. ते पाहायला कॉडमन नव्हते. आज शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. दुखणे लवकर शमते, पण शिवलेली कंडरा जुळली का? माझ्या मामांना डॉक्टरांनी पहिल्या महिन्यात ते नाकारले, तेव्हा घरची मंडळी रागावली. परंतु इतक्या लवकर दिल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, असे मागाहून केलेल्या मोजणीतच दिसले आहे. सुमारे दोन महिन्यांनी दिलेल्या इंजेक्शनाने वेदना घटली आणि कंडरा पुन्हा फाटण्याचे प्रमाण वाढले नाही, हेही काही चाचण्यांत रुग्णांना महिन्यांनंतर परत तपासल्यावरच कळले. ही रीत कॉडमन यांचीच.

१९४० साली ते वारले. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ मध्ये.