चार ओळींची बातमी

बालमित्रांनो, फोटोतून बातमी सांगणारे जेकब रीस नावाचे एक पत्रकार होऊन गेले. हे काम त्यांना कुठल्या शाळेत शिकवले नाही. त्याची वाट त्यांना वाचनातून सापडली.

त्यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी डेन्मार्क देशातील रिबे या गावी झाला. वडील शाळामास्तर. घरात डझनावर मुले, खाणारी तोंडे फार. डिकन्स यांचे इंग्रजी साप्ताहिक वाचून जेकबने आपले इंग्रजी सुधारले. मग तो सुतारकाम शिकला आणि १८७० साली बोटीने अमेरिकेला गेला.

तिथे धड काम मिळेना. खिशात पैसा नाही, पोटात अन्न नाही. एका पावसाळी रात्री तो न्यूयॉर्कच्या पोलीस ठाण्यातील निवाऱ्यात झोपायला गेला. सोबत एक भटके कुत्रे होते. तेवढाच त्याला सोबती! शिपायाने ते कुत्रे आपटून मारले. जेकब हे जन्मभर विसरला नाही.

पुढे १८७७ मध्ये ते 'ट्रिब्यून' वर्तमानपत्राचे बातमीदार झाले. रात्री गरिबांच्या वस्तीत हिंडत. अंधाऱ्या कोंदट खोल्यांत माणसे दाटीवाटीने झोपलेली दिसत. त्यांनी ते पुष्कळ लिहिले, पण वाचणाऱ्यांवर परिणाम होईना. फोटो दाखवावा तर अंधारात फोटो कसा निघणार?

१८८७ साली एके सकाळी पेपरात चार ओळींची बातमी त्यांनी वाचली. जर्मनीत मॅग्नेशियमची पूड पेटवून अंधारात फोटो काढतात म्हणे. झालं! आधी त्यांनी हौशी छायाचित्रकारांना सोबत नेलं, मग १८८८ मध्ये स्वतः कॅमेरा घेतला. तव्यावर पूड ठेवायची, पेटवायची, की भक्कन उजेड! पहिला फोटो बिघडला. दोनदा तर घराला आग लागली. झोपलेली माणसं दचकून उठत. न विचारता असे फोटो काढणे आज कुणी बरे म्हणणार नाही. पण रीस यांची तळमळ खरी होती.

१८९० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि लोकांचे डोळे उघडले. थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना, १८९६ मध्ये पोलीस ठाण्यातले ते निवारे बंद झाले. एक गलिच्छ वस्ती पाडून तिथे १८९७ मध्ये बाग झाली. २६ मे १९१४ रोजी रीस वारले.

मुलांनो, भेळ खाल्ल्यावर कागद लगेच फेकू नका. आधी वाचून घ्या. कुणी सांगावं, त्यातही आपल्या कामाच्या चार ओळी असतील!