वडाखालचा बादशहा : प्रेमचंद रायचंद

दलाल स्ट्रीट अस्तित्वात येण्याआधी मुंबईचा शेअर बाजार टाऊन हॉलच्या परिसरातील वडाच्या झाडांखाली भरत असे. त्या बाजाराचा अनभिषिक्त बादशहा होता प्रेमचंद रायचंद. १८३१ मध्ये सुरतेत एका जैन कुटुंबात जन्मलेले प्रेमचंद लहानपणीच वडिलांसमवेत मुंबईत आले. इंग्रजी लिहू-वाचू शकणारे पहिले देशी दलाल म्हणून त्यांचा बोलबाला झाला आणि युरोपीय पेढ्यांचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाशिवाय पर्याय उरला नाही. मुंबईत पैशाचा पूर आला. तो जिरवायला नवनव्या बँका आणि वित्तसंस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणारी बॅक बे कंपनीही निघाली. तिच्या शेअरचे भाव मूळ किमतीच्या कैक पटींनी चढले. प्रेमचंद यांचे नाव जोडले गेले की कंपनीचा शेअर वधारत असे. त्यांच्या प्रभावाखाली बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन आणि वैयक्तिक हमीवर सढळ हाताने कर्जे दिली. कर्जातून शेअर खरेदी, त्याच शेअरवर पुन्हा कर्ज, असे हे चक्र होते. सारा डोलारा युद्ध लांबेल या एकाच गृहीतावर उभा होता.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या फौजांनी शरणागती पत्करली. कापूस कोसळला. १ जुलै रोजी वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस उजाडला तेव्हा पैसे देण्याची ताकद फारच थोड्यांत उरली होती. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये बँक बुडाली. सरकारी चौकशीत तिच्या कर्जवाटपावरील प्रेमचंद यांच्या प्रभावाचा पंचनामा झाला. ते स्वतःही दिवाळखोर ठरले. ज्यांनी केवळ त्यांच्या नावावर भरवसा ठेवून पैसा गुंतविला, त्यांच्या वाट्याला मात्र ना चौकशी आली, ना सावरण्याची संधी.

भरभराटीच्या काळात त्यांनी मुंबई आणि कोलकाता विद्यापीठांना दिलेल्या देणग्या तेवढ्या बुडाल्या नाहीत. कोलकात्यात त्यांच्या नावाची मानाची शिष्यवृत्ती सुरू झाली. मुंबईत त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये, म्हणजे वैभव ओसरल्यावर बऱ्याच वर्षांनी, पूर्ण झाला.

प्रेमचंद पुन्हा व्यवसायात उभे राहिले, पण पूर्वीचा दरारा परतला नाही. १८७५ मध्ये मुंबईतील दलालांनी आपली संघटना स्थापन केली. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे मूळ तिच्यात आहे आणि तिच्या संस्थापकांत प्रेमचंद यांचे नाव घेतले जाते. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या बाजाराला नियमांची चौकट का हवी, याचा धडा मुंबईला त्यांच्याच उदयास्तातून मिळाला होता.