कंगवा, कागदाचे कपटे आणि झेरॉक्स: चेस्टर कार्लसनची गोष्ट

दहावी-बारावीचे निकाल लागले की कुंभार पिंपळगावसारख्या बाजाराच्या गावात झेरॉक्सच्या दुकानापुढे गर्दी होते. मार्कमेमो, टीसी, आधार, जातीचा दाखला, वडिलांचा सातबारा, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. दुकानदार झाकण उचलतो, कागद पालथा ठेवतो, बटण दाबतो आणि काही सेकंदांत कोमट प्रत आपल्या हातात येते.

ती प्रत घेताना एक गोष्ट कधी बघितली का? नुकत्याच निघालेल्या दोन प्रती बऱ्याचदा एकमेकींना चिकटून बसतात. कोरड्या केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, त्यातलाच हा प्रकार. शाळेत आपण त्याला स्थितिक विद्युत म्हणून शिकलो, कपटे उचलून बघितले आणि विसरून गेलो. पण अख्खं झेरॉक्स मशीन ह्याच जोरावर चालतं. आणि ह्या खेळाला कामाला लावणारा माणूस होता चेस्टर कार्लसन.

हाताने उतरवायचे दिवस

छापखान्याबाहेर प्रत काढणं म्हणजे शेकडो वर्षं हाताने उतरवणं. घनसावंगी तालुक्यातलंच जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. परंपरा सांगते की समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामींनी दासबोध लिहून घेतला. त्या ग्रंथात अक्षर कसं काढावं, लिखाण कसं नेटकं करावं ह्यावर एक स्वतंत्र समास आहे. साहजिकच आहे, कारण पोथीची दुसरी प्रत हवी तर कुणीतरी बसून ती पूर्ण उतरवायची, आणि उतरवताना चूक झाली की ती पुढच्या प्रतीतही जायची.

एकोणिसाव्या शतकात टाइपरायटर आणि कार्बन पेपर आले. पण कार्बनची प्रत टाइप करतानाच निघते. आधीच तयार असलेल्या कागदाची प्रत हवी असेल तर एकतर तो पुन्हा टाइप करा, नाहीतर फोटो काढून घ्या. फोटोला खास कागद, ओली रसायनं, वेळ आणि पैसा लागायचा. अमेरिकेतल्या मोठ्या ऑफिसांतही हीच अडचण होती.

गरिबीतलं लहानपण

चेस्टरचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. वडील न्हावी होते. त्यांना क्षय आणि संधिवात होता, त्यामुळे काम सुटलं. चेस्टर आठ वर्षांचा असल्यापासून मिळेल ते काम करायला लागला आणि हायस्कूलमध्ये असतानाच घर मुख्यतः त्याच्या कमाईवर चालू लागलं. तो सतरा वर्षांचा असताना आईही क्षयाने गेली.

त्याला छपाईचं वेड होतं. शाळेत असताना एका छापखान्यात काम करून मोबदल्यात त्याने एक जुनं छपाईचं यंत्र मिळवलं आणि विज्ञानाची आवड असणाऱ्या मुलांसाठी छोटं मासिक काढलं. एकेक खिळा जुळवून पान तयार करणं किती किचकट असतं, हे त्याला तेव्हाच कळलं.

काम करत शिकून १९३० मध्ये त्याने कॅलटेकमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पण ते महामंदीचं वर्ष. ८२ कंपन्यांना पत्रं पाठवली, एकीनेही नोकरी दिली नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या बेल लॅब्समध्ये काम मिळालं, तेही १९३३ मध्ये गेलं. मग एका इलेक्ट्रिकल कंपनीच्या पेटंट विभागात तो लागला. तिथे पेटंटच्या कागदांच्या आणि नकाशांच्या प्रती कायम कमी पडायच्या. रात्री तो कायद्याचा कोर्स करायचा. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून लायब्ररीत बसून पानंच्या पानं हाताने उतरवायची. डोळे कमजोर, आणि वडिलांसारखाच संधिवात त्याच्याही पाठीत शिरलेला.

प्रत काढायचं सोपं मशीन पाहिजे, हा विचार त्याच्या डोक्यात असा दुखणाऱ्या पाठीतून आला.

फोटोचा रस्ता सोडला

मोठ्या कंपन्या फोटोग्राफीवर काम करतच होत्या, त्यामुळे कार्लसनने तो रस्ता सोडला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक लायब्ररीत वाचता वाचता त्याला पाल सेलेनी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञाचं काम सापडलं. विद्युतप्रभाराने चित्र उमटवता येतं, असं ते काम होतं.

आता थोडं सायन्स. दोन वस्तू घासल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. घासल्याने वीज नव्याने तयार होत नाही, फक्त इकडची तिकडे जाते. प्लॅस्टिकसारख्या पदार्थातून ती वाहून जाऊ शकत नाही, म्हणून जागच्या जागी बसून राहते. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. कागदाच्या कपट्यावर स्वतःचा प्रभार नसतो, पण कंगवा जवळ आला की कपट्यातले प्रभार थोडे सरकतात आणि तोही ओढला जातो. हिवाळ्यात पॉलिस्टरचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो, टीव्हीच्या पडद्यावर धूळ बसते, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी दाराला हात लावला की चटका बसतो. कारण एकच.

कार्लसनने ह्यात प्रकाश मिसळला. काही पदार्थ अंधारात वीज अडवतात, पण उजेड पडला की तिला वाट देतात. गंधक त्यातलाच. म्हणजे गंधकाच्या थरावर प्रभार बसवायचा आणि त्यावर अक्षरांची सावली पाडायची. उजेड पडेल तिथला प्रभार निघून जाईल आणि सावलीतला टिकेल. डोळ्यांना न दिसणारं अक्षर तयार. त्यावर बारीक पावडर टाकली की ती फक्त अक्षरावर चिकटणार.

२२ ऑक्टोबर १९३८

सुरुवातीचे प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात झाले. गंधक वितळवताना वास सुटायचा, कधी आगही लागायची. पुढे न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात एक खोली भाड्याने घेतली. मदतीला ऑटो कोर्नाय नावाचा ऑस्ट्रियातून आलेला इंजिनीअर होता.

त्या दिवशी कोर्नायने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. काचपट्टीवर शाईने तारीख आणि ॲस्टोरिया हे नाव लिहिलं. खोलीत अंधार करून गंधक रुमालाने खसाखसा घासलं, त्यावर काचपट्टी ठेवली आणि काही सेकंद दिवा लावला. काचपट्टी काढून लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीची बारीक पूड टाकली आणि हळूच फुंकर मारली. अक्षरं उमटली होती! मग मेणकागद दाबून पूड त्यावर घेतली आणि गरम केली. मेण वितळून अक्षरं पक्की झाली.

एक रुमाल, एक दिवा आणि चिमूटभर पूड. जगातली पहिली झेरॉक्स एवढ्यातच निघाली.

वीसेक कंपन्यांचा नकार

आता आपल्याला वाटेल, पुढे सगळं सोपं झालं असेल. तसं झालं नाही. कोर्नायला ह्यात भविष्य दिसेना, तो दुसरी नोकरी धरून गेला. १९३९ ते १९४४ ह्या काळात वीसहून जास्त कंपन्यांनी कार्लसनला परत पाठवलं. त्यांत आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक आणि आरसीए होत्या. धूसर अक्षरांच्या त्या तुकड्यात धंदा कुणालाच दिसला नाही. १९४२ मध्ये मुख्य पेटंट मिळालं, पण हातात पैसा नव्हता. ह्याच ओढाताणीत १९४५ मध्ये पहिलं लग्नही मोडलं.

१९४४ मध्ये ओहायोतल्या बॅटेल ह्या संशोधन संस्थेने काम हाती घेतलं. तिथल्या लोकांनी गंधकाऐवजी सेलेनियम आणलं, रुमालाच्या जागी जास्त दाबाची तार आणली आणि पावडर सुधारली. नंतर रॉचेस्टरची हॅलॉइड ही छोटी कंपनी पुढे आली. १९४८ मध्ये ह्या पद्धतीला झेरोग्राफी नाव मिळालं. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ कोरडं लेखन.

१९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे मशीन बाजारात आलं. वजन साधारण ३०० किलो, मिनिटाला सात प्रती, आणि साधा कागद चालायचा. मशीन जास्त तापून कागद पेटू शकायचा, म्हणून सोबत छोटं आगविझवणं यंत्रही द्यायचे! तरी ते तुफान चाललं. पहिल्या प्रतीपासून तोवर एकवीस वर्षं गेली होती. दोन वर्षांत कंपनीने स्वतःचं नावच झेरॉक्स करून टाकलं.

आजच्या मशीनमध्ये काय होतं?

आज मशीनच्या आत फिरणारा एक ड्रम असतो. त्यावर अंधारात प्रभार बसतो. मग लेझरचा किरण अक्षराचा आकार प्रभाराच्या रूपात ड्रमवर काढतो. टोनर म्हणजे प्लॅस्टिक मिसळलेली बारीक पावडर. ती त्या आकाराला चिकटते. कागदाच्या पाठीमागून विरुद्ध प्रभार देऊन टोनर कागदावर ओढला जातो आणि तापलेल्या रोलरखाली वितळून पक्का होतो. म्हणूनच प्रत कोमट येते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली पीडीएफ दुकानातल्या लेझर प्रिंटरवर निघते, तेव्हाही हेच होतं.

पावसाळ्यात प्रत फिकट का येते, हेही ह्यातच आहे. कागद हवेतली ओल पितो, ओल्या कागदातून प्रभार गळून जातो आणि टोनर नीट ओढला जात नाही. म्हणून कागदाचं पाकीट उघडं ठेवू नये. कंगव्याचा खेळही पावसाळ्यात त्यामुळेच फसतो.

पैसा आला, आणि गेला

कार्लसनला ह्यातून साधारण १५ कोटी डॉलर मिळाले. तो राहिला मात्र साधाच. त्यातले सुमारे १० कोटी डॉलर त्याने दान केले, बहुतेक वेळा नाव न सांगता. सोडून गेलेल्या कोर्नायलाही त्याने झेरॉक्सचे शेअर्स भेट पाठवले. १९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कच्या एका सिनेमागृहात बसल्या जागी त्याचं निधन झालं. वय ६२.

पूर्वी दुसरी प्रत ज्याला परवडायची, पुरावा त्याच्याच हातात राहायचा. आज मजुरी करणारा माणूसही दोन-चार रुपयांत आपल्या कागदाची प्रत काढून मूळ कागद घरी ठेवू शकतो. ऑफिसात एखादा कागद हरवला तर त्याच्याकडे दुसरा असतो.

तेव्हा पुढच्या वेळी प्रत काढली की दुकानातच एक करून बघा. कोमट कागद हातावरच्या केसांजवळ हळूच न्या. हवा कोरडी असेल तर केस किंचित ओढल्यासारखे वाटतील.