पोलिसांनी बंद केलेला कॅमेरा

मंगळवेढ्याला गेलो की गावकुसाची आठवण होतेच. याच गावच्या कुसाचे काम चालू असताना १३३८ मध्ये भिंत कोसळली आणि राबणाऱ्या मजुरांसोबत चोखोबा गाडले गेले. गावाचे रक्षण करणारी भिंत ज्यांनी बांधायची, त्यांनी राहायचे मात्र तिच्या बाहेर.

गेल्या खेपेला तिथल्या एका कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम होता. जेवणे झाल्यावर त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने मोबाईलवर एक जुनी, थरथरणारी चित्रफीत दाखवली. टोपीवाल्या गोऱ्यांच्या गर्दीत एक उंच काळा माणूस एका बुटक्या गोऱ्याला ठोसे लगावतो आहे, आणि लगावता लगावता हसतो आहे. गोरा कोलमडतो आणि तेवढ्यात चित्र संपते. पोराला वाटले, नेट गेले. नेट गेले नव्हते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पोलिसांनी कॅमेरा बंद करायला लावला होता.

तो काळा माणूस म्हणजे जॅक जॉन्सन, हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. ३१ मार्च १८७८ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, गॅल्व्हेस्टन बंदरात त्याचा जन्म झाला. आईबाप दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. महात्मा फुल्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, त्याला तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. कायद्याने बेड्या तुटल्या होत्या, पण मनातल्या शाबूत होत्या. जॉन्सन गोदीत हमाली करता करता लढायला शिकला. १९०१ मध्ये जो चोयन्स्की या ज्यू मुष्टियोद्ध्याने त्याला पाडले. टेक्सासात अशा लढतींना बंदी असल्याने दोघांनाही तुरुंगात टाकले, आणि तिथेच चोयन्स्कीने आपल्या कोठडीसोबत्याला बचावाचे डाव शिकवले. तुरुंगाने त्याला घडवले म्हणा ना!

त्या काळी गोरे मुष्टियोद्धे काळ्यांशी किरकोळ लढती खेळत, पण हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी काळ्याला समोर उभे करत नसत. काळ्यांसाठी वेगळे विजेतेपद ठेवले होते. आपल्याला यात नवल वाटू नये. पालवणकर बाळूंच्या विकेट्स हिंदू संघाला चालत, पण कप्तानपद चालत नसे. जॉन्सनने काळ्यांचे विजेतेपद १९०३ मध्येच जिंकले. जगज्जेता जेफ्रीजने त्याच्याशी लढायचे टाळले आणि १९०५ मध्ये अपराजित राहून निवृत्ती घेतली. पुढे टॉमी बर्न्स विजेता झाला, तेव्हा जॉन्सन त्याच्या मागे इंग्लंडला गेला, तिथून ऑस्ट्रेलियाला गेला. अखेर ३० हजार डॉलरच्या बोलीवर बर्न्स तयार झाला. जॉन्सनच्या वाट्याला ५ हजार. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत १४ व्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली. काळ्याच्या हातून गोरा भुईसपाट होतो, हे दृश्य जगाने पाहू नये म्हणून कॅमेराही थांबला. पण निकाल थांबवता आला नाही.

मग गोऱ्यांची अब्रू राखण्यासाठी जेफ्रीजला पुन्हा बाहेर काढले. ४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, नेवाडातील रीनो शहर. आयुष्यात कधी खाली न पडलेला जेफ्रीज १५ व्या फेरीत पडला, पुन्हा पडला. ही लढत पूर्ण चित्रित झाली आहे. त्या रात्री ठिकठिकाणी गोऱ्यांचे जमाव काळ्या वस्त्यांवर तुटून पडले. सुमारे २० माणसे मेली, त्यांतली बहुतेक काळी. आणि बंदी कशावर आली? चित्रफितीवर. शहरामागून शहराने तिचे खेळ रोखले. १९१२ मध्ये तर अमेरिकन संसदेने अशा फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हाच गुन्हा ठरवला. तो कायदा १९४० पर्यंत टिकला.

जॉन्सन मात्र मान खाली घालणारा नव्हता. भारी मोटारी, सोन्याचे दात, गोऱ्या बायका. यातले शेवटचे व्यवस्थेला सोसवले नाही. स्त्रियांचा व्यापार रोखण्यासाठी केलेला कायदा गोऱ्या मैत्रिणीसोबत केलेल्या प्रवासाला लावून १९१३ मध्ये सर्व गोऱ्या ज्यूरींनी त्याला दोषी ठरवले. एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली आणि तो देशाबाहेर निसटला. त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले.

५ एप्रिल १९१५ रोजी क्यूबातील हवाना येथे, रणरणत्या उन्हात, २६ व्या फेरीत जेस विलर्डने जॉन्सनला पाडले. आता गोरा जिंकला होता, फीत दाखवायची घाई झाली होती, पण कायदा आडवा आला. परदेशी फीतही आत आणता येईना. मग काय युक्ती केली पाहा! १९१६ मध्ये कॅनडाच्या सीमेवर तंबू ठोकला, पलीकडे फीत ठेवली, अलीकडे कॅमेरा, आणि सीमेवरून उजेड पाडून एकेक चौकट उतरवून घेतली. तरीही सरकारने ती जप्त केली. जॉन्सन पुढे सांगत राहिला की आपण मुद्दाम हरलो. ही फीत बराच काळ हरवली होती. ती सापडल्यावर दिसले की सुरुवातीच्या बऱ्याच फेऱ्यांत तो वरचढ होता, मग हळूहळू दमत गेला. हरायचेच असते तर २६ फेऱ्या उन्हात कोण भाजून घेईल?

आपला माणूस म्हणून त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. पत्नी एट्टाला तो मारहाण करी. तिने १९१२ मध्ये आत्महत्या केली. आणि ज्या भेदाच्या रेषेने त्याला अडवले, तीच रेषा विजेता झाल्यावर त्याने ओढली. सॅम लँगफर्डसारख्या जबरदस्त काळ्या मुष्टियोद्ध्याला जगज्जेतेपदासाठी त्याने एकदाही संधी दिली नाही. वर गेल्यावर शिडी ओढून घेणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

१९२० मध्ये तो स्वतःहून हजर झाला आणि शिक्षा भोगून १९२१ मध्ये सुटला. १० जून १९४६ रोजी उत्तर कॅरोलिनात मोटार अपघातात गेला. काळा म्हणून एका खाणावळीत झालेल्या अपमानाने संतापून तो भरधाव निघाला होता, असे सांगतात. रीनोची फीत २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतन झाली. खुद्द जॉन्सनला माफी मिळाली ती २४ मे २०१८ रोजी, मरणानंतर ७२ वर्षांनी.

हे सगळे सांगेपर्यंत मंगळवेढ्यात रात्रीचे बारा वाजून गेले होते. पोराने सिडनीची फीत पुन्हा पहिल्यापासून लावली. बर्न्स कोलमडला, पडदा काळा झाला. त्याने बोटाने मागे सरकवून तेवढाच तुकडा परत पाहिला. मग विचारले, कॅमेरा बंद करणाऱ्या त्या पोलिसांना कुणी काही विचारले का? त्याचे वडील अंथरूण घालत होते. ते नुसतेच हसले.