जलालपूरची मनू, टिळकांच्या घरातली आई

नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीत १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक हे तरुण मराठी कवी बसले होते. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने चाललेले लेखनाचे काम संपले होते आणि राजनांदगाव संस्थानात नवी नोकरी मिळाली होती. गाडी पूर्वेकडे धावत होती. गोंदियाहून नागभीड, सिंदेवाहीमार्गे चांद्याकडे जाणारा फाटा तेव्हा अजून व्हायचा होता. डब्यात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाशी कवितेवरून बोलणे निघाले, ते धर्मापर्यंत पोहोचले आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती बायबलची प्रत ठेवली. पुढच्या दोन वर्षांत टिळकांचे आयुष्य बदलून गेले. मात्र त्या भेटीची खरी किंमत मोजावी लागली ती डब्यात नसलेल्या एका व्यक्तीला. ती म्हणजे त्यांची पत्नी, लक्ष्मीबाई टिळक.

मराठी वाचकांना लक्ष्मीबाई परिचित आहेत त्या ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका म्हणून. पण लेखिका होण्याच्या कितीतरी आधी, आणि नंतरही, त्या एका मोठ्या गोतावळ्याच्या आई होत्या. त्या गोतावळ्यात रक्ताच्या नात्याची माणसे थोडी आणि दारी आलेली अधिक.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे, नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७च्या उठावात फाशी झाली होती. त्या घटनेचा धसका मनूच्या वडिलांनी असा घेतला की त्यांना सोवळ्याओवळ्याचे जणू वेडच लागले. बाजारातून आलेले धान्यच नव्हे, तर मीठ आणि साखरही धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. धुतलेल्या साखरेचे काय होते हे सांगायला नको. या घरात मुलींनी हसणेखेळणेही जपूनच करायचे होते. तरीही मनूचा विनोदी स्वभाव शाबूत राहिला हे नवलच. पुढे आयुष्यात जे काही वाट्याला आले ते सोसण्याची ताकद तिला त्या स्वभावाने दिली असे म्हणावेसे वाटते.

१८८० साली, अकराबारा वर्षांची असताना, तिचे लग्न टिळकांशी झाले. मनूची लक्ष्मी झाली. टिळक बुद्धिमान, हळवे आणि तितकेच तापट. मनात आले की न सांगता घर सोडून जायचे, महिनोन् महिने पत्ता लागू द्यायचा नाही. संसाराच्या हिशेबाशी त्यांचे कधीच जमले नाही. घरसामानासाठी दिलेल्या पैशांतून त्यांनी शोभेची दौत आणल्याचा प्रसंग तर आज घरोघर ठाऊक आहे. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हाती जायचा. बायकोला लिहायला वाचायला शिकवायला बसले की थोड्याच वेळात पुस्तक भिरकावले जायचे. अशा शाळेत लक्ष्मीबाई अक्षरओळख शिकल्या. शुद्धलेखन मात्र त्यांना कधी साधले नाही.

मुले झाली, पण सगळी जगली नाहीत. १८९१ साली दत्तू जन्मला आणि तो राहिला. या एकुलत्या मुलाभोवतीच पुढची सारी ओढाताण झाली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. बातमी आली आणि घरावर आकाश कोसळले. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील पुरुषाने धर्म सोडणे म्हणजे त्याच्या जिवंतपणीच त्याचे सुतक धरण्यासारखे होते. नवरा हयात, पण संसार उठलेला. समाजाच्या हिशेबात अशा बाईला जागाच नव्हती. सवाष्णींच्या पंगतीला तिला बोलावायचे की नाही, तिचा हात देवघरातल्या कोणत्या कामाला चालेल, असले प्रश्न कुजबुजत विचारले जात. त्या काही बरेवाईट करून घेतील या धास्तीने घरच्यांची नजर त्यांच्यावरून हटत नसे. आणि त्यांच्या मांडीवर चार वर्षांचा दत्तू होता. बाप त्याला घेऊन गेला तर? मूल गेले तर आपल्याजवळ उरणार काय, आणि मूल ठेवून घेतले तर बापाविना वाढलेल्या त्याला आपण पुढे कोणते उत्तर देणार? लक्ष्मीबाईंच्या दुःखाला या दोन प्रश्नांची धार होती.

बहीण भिकूताई आणि मेहुणे नाना पेंडसे यांनी त्यांना आधार दिला. काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. टिळकांची पत्रे येत, त्यांत कविताही असत. याच काळात लक्ष्मीबाईंनी स्वतः कविता करायला सुरुवात केली. रडून झाल्यावर उरलेले जे होते ते त्यांनी ओव्यांत आणि पदांत ओतले. नवऱ्याचा राग होता, पण त्याच्याविषयीची माया आटली नव्हती. टिळकांनीही त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही.

चार वर्षांहून अधिक काळ असा गेला. अखेर लक्ष्मीबाईंनी स्वतःच पाऊल उचलले आणि दत्तूला घेऊन त्या नगरला टिळकांकडे गेल्या. हा निर्णय सोपा नव्हता. नातेवाइकांचा विरोध होता, आणि लक्ष्मीबाई स्वतःही धर्म सोडायला मुळीच तयार नव्हत्या. म्हणून एकाच गावात, पुढे एकाच घरात, दोन चुली मांडल्या गेल्या. त्यांचे सोवळे त्यांच्याजवळ, टिळकांचा धर्म टिळकांजवळ. मुलगा दोन्हीकडे जेवे. या विचित्र संसाराकडे बघून शेजारीपाजारी हसत असतील, पण मुलाला आईबाप दोघेही मिळाले होते आणि लक्ष्मीबाईंना तेवढे पुरे होते.

त्यांचे मतपरिवर्तन कोणाच्या प्रवचनाने झाले नाही. जात कोणी केली, देवाने की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारत राहिल्या. एका रात्रीच्या विचारानंतर त्यांनी जात टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. साखर धुणाऱ्या बापाच्या लेकीने उचललेले हे पाऊल होते! धर्मांतर त्यानंतरचे, १९०० साली राहुरीचे. टीकाकारांना आणि चाहत्यांनाही त्यांच्या आयुष्यात धर्मांतर हीच मोठी घटना वाटते. वास्तविक मोठी घटना त्याआधीच, कोणी पाहत नसताना घडून गेली होती.

१८९९-१९००च्या दुष्काळात राहुरी परिसरात अनाथ मुलांचे लोंढे आले. टिळक मुलांना घरी आणत आणि आणून मोकळे होत. न्हाऊमाखू घालणे, खरूज धुणे, उवा काढणे, चार घास भरवणे हे काम अर्थातच लक्ष्मीबाईंचे. आईबापांनी टाकून दिलेली एक आजारी पोर अशीच घरात आली. तिचे नावच नकुशी. लक्ष्मीबाईंनी तिला हवीशी केली. घरात पैसा नसे, जागा नसे, पण पान वाढायचे कधी राहिले नाही. नगरच्या प्लेगच्या छावणीतही त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. छावणीत जायला भलेभले कचरत, तो हा काळ.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, याच घराने वाढवलेले. १९०७च्या जळगाव येथील कविसंमेलनात या किशोरवयीन कवीने सर्वांना चकित केले आणि पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहायला आला. टिळकांनी त्याच्या कवितेकडे पाहिले, लक्ष्मीबाईंनी त्याच्या पोटाकडे. लहरी, हळवा, मध्येच रुसणारा हा मुलगा त्यांना दत्तूचा भाऊच वाटे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचेही निधन झाले.

पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाई आता एकट्या पडल्या. काही काळ त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहिले. पुढे कराचीत मुलाच्या संसारात त्या आजी म्हणून रमल्या. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अकराव्या अध्यायाच्या आसपास अपुरे राहिले होते. ज्या बाईला टिळकांनी अक्षरे गिरवायला लावली होती, तिने त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. पतीचे अपुरे काम पुरे करणाऱ्या पत्नी आपल्याकडे पुष्कळ झाल्या. मूळ कवीच्या कितीतरी पट लिहून ते पुरे करणारी विरळाच.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म तर मुलाच्या गरजेतून झाला. देवदत्त ऊर्फ दत्तूला वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी त्याने आईला आठवणी मागितल्या. त्या आठवणी वाचताच हे चरित्राचे साहित्य नव्हे, स्वतंत्र पुस्तक आहे, हे त्याच्या ध्यानात आले. देवदत्तांच्या ‘संजीवनी’त त्या प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९३४पासून पुस्तकरूपाने निघाल्या. वाचकांना अशी भाषा नवीन होती. स्वयंपाकघरात बसून मुलानातवंडांना गोष्ट सांगावी तसे हे लेखन. त्यात स्वतःची फजिती आधी, नवऱ्याचे दोष नंतर, आणि तक्रार जवळजवळ नाहीच. ज्या पाच वर्षांनी त्यांना उभे जाळले, त्यांचे वर्णन करतानाही त्या वाचकाला मध्येच हसवतात. काही समीक्षक याला निरागसता म्हणतात. ते पटत नाही. इतके सोसलेल्या बाईने कशावर हसायचे आणि कशावर गप्प राहायचे हे जाणूनबुजून ठरवलेले दिसते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग तेव्हा पुरा व्हायचा होता. अखेरचा मजकूर देवदत्तांनी जोडला. म्हणजे आईने बापाचे काव्य पुरे केले आणि लेकाने आईचे पुस्तक. ‘भरली घागर’ हा त्यांचा कवितासंग्रह १९५१ साली निघाला. आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर १९५० साली प्रसिद्ध झाले आणि शांता गोखले यांनी केलेले नवे भाषांतर २०१७ साली आले.

नातू अशोक टिळक यांनी पुढे आजीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती सिद्ध केली. आजीने सहज ओघात उल्लेखिलेली माणसे कोण, गावे कुठली, साल कोणते, हे त्यांनी टिपांतून सांगितले. शुद्धलेखन न जमलेल्या आजीच्या पानांखाली नातवाने घातलेल्या त्या टिपा आजही वाचकाला सोबत करतात.